शिडी

बागप्रेमी मंडळाला शिडीवाला माणूस पाहिजे होता.
माझ्याकडे शिडी होती.
एवढंच सांगितलं मी नेजदार काकूंना.
पुढचं त्यांनी विचारलं नाही.

रविवारी सहाला टाकाळ्याच्या चढावर
जमली सगळी :
गुलाबांना दरसाल बक्षीस घेणारे चौगुले,
रेहाना मुजावर आणि तिच्या शाळेची आठ पोरं,
दोन पकडी, एक जंबुरा,
आणि जखमांना लावायला वाटीत हळद.
झाडाला हळद लागू पडते का
यावर चहा गार होईतोवर वाद.
शेवटी चौगुलेच म्हणाले,
"लागू दे न्हाई तर न्हाई, लावा की!"

पहिला करंज.
'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' निघालं.
'मूळव्याध, विनाऑपरेशन' निघाली.
'खोली भाड्याने, फक्त मुलींना'
वाकडी होऊन खाली पडली.
पोरं मोठ्यानं वाचत होती, खिदळत होती.
मी वर.
मला खाली बघवेना.

एका पाटीला तीन रुपये मिळायचे.
खिळे आपले,
उद्यमनगरातनं किलोवर आणलेले, अडीच इंची.
रात्री अकरानंतर सायकलला शिडी बांधायची
आणि राजारामपुरीची एकेक गल्ली धरायची.
दोन घावांत खिळा आत.
थोरलीची दहावीची फी त्यातनं भरली,
हेही खरंच.

नवव्या गल्लीतल्या कडुनिंबाला
वरवर काही दिसत नव्हतं.
"हे निर्मळ आहे, चला पुढं," चौगुले म्हणाले,
तोवर माझा हात सालीखाली गेलेला,
न बघता,
अंधारात घरच्या बटणावर जातो तसा.
एक.
वीतभर वर दुसरा.
तिसरा बेचक्यात,
बॅनरची दोरी बांधायला मारलेला.
चौथ्याचं नुसतं टोपण.
बाकीचा झाडानं गिळलेला.
वहीत पाचापाचाच्या रेघा मारणारी पोरगी म्हणाली,
"काका, हा धरायचा का?"
कोणी बोललं नाही.

शिडी काकूंनी धरली होती.
चष्म्यावर सालीचा भुगा पडलेला.
तो तसाच ठेवून त्यांनी वर बघितलं.
"तिवले, आणखी कुठं कुठं आहेत,
आठवतंय का?"
"आठवतंय."
"मग गल्लीवार लिहून आणा.
आणि उतरताना सांभाळून,
तिसरी पायरी हलतेय."

एकशे चौऱ्याहत्तर खिळे.
भंगारात किलोभरसुद्धा भरले नाहीत.
आलेल्या पैशात शेणखताची पाटीही येईना,
उरलेले चौगुल्यांनी घातले.

रात्री जेवून वही घेऊन बसलो.
पहिली गल्ली, पिंपळ, डाव्या अंगाला चार.
दुसरी, सोनमोहर, सहा, एक वाकलेला.
बायको भांडी आवरून आली.
"एवढं काय लिवताय?"
"उधारी."
ती वहीवर वाकली, ओळींवरनं बोट फिरवलं, म्हणाली,
"अकराव्या गल्लीतली बकुळ राहिली.
तवा शिडी मीच धरलेली."