एका दात्याचा फरक

रबाळ्याच्या गॅरेजवाल्याने साडेनऊ हजार सांगितले,
पाण्याचा पंप वेगळा.
मी म्हटलं, विचार करून सांगते.
विचार दुसऱ्या मजल्यावरच्या पडवळांनी केला.
एकोणतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात फिटर,
ठाणे-बेलापूर पट्ट्यात.
"पट्टा तुटला की काय होतं ते मला विचार," म्हणाले,
"आतल्या आत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. एका क्षणात.
बाहेर कुणाला कळतसुद्धा नाही."
त्यांच्या कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत आहे.
ते गाडीबद्दलच बोलत असावेत.

रविवार, सकाळी सात. ऐरोली, सेक्टर आठ,
पार्किंग नंबर अकरा.
इंडिका, दोन हजार सहाची, डिझेल,
एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर.
वाटणीत मला आली.
फ्रिज त्याला. कर्ज निम्मं निम्मं.

उजवं चाक काढलं. इंजिनखाली जॅक,
जॅकवर माझा जुना पोळपाट,
ऑइल पॅनला पोचा पडू नये म्हणून.
क्रँकचा नट काही सुटेना.
गाडी पाचव्या गिअरमध्ये, ब्रेकवर पहिल्या मजल्यावरची ओजल,
वय तेरा, दोन्ही पायांनी.
पान्याच्या दांड्याला पाइप लावला, पाइपला मी लटकले.
कडकन आवाज झाला तेव्हा वाटलं, माझंच काही मोडलं.
तेवढ्यात सेक्रेटरी खानविलकर, हातात दुधाच्या पिशव्या:
"इथं गॅरेज चालणार नाही."
पडवळ स्टुलावरून म्हणाले, "चालत कुठे आहे, साहेब. उभीच आहे."

जुना पट्टा काढायच्या आधी खुणा करायच्या.
व्हाइटनर वाळून गेलेलं. मग माझी नेलपॉलिश,
मावसबहिणीच्या हळदीला आणलेली, गर्द लाल:
क्रँकवर एक ठिपका, कॅमवर एक, डिझेल पंपावर एक.
खालचं चाक दोनदा फिरतं
तेव्हा वरचं एकदा, पडवळ सांगत होते,
त्यावरून त्यांची भांडणं नाहीत.
सुरुवातीला खुणा तेवढ्या जागेवर हव्यात.

आमचे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते.
खुणा कुणी पाहिल्या नाहीत.
हे मी मोठ्याने म्हटलं नाही.
पडवळांनी तेरा नंबरचा पाना मागितला.

जुना पट्टा हातात आला. दात्यांच्या मुळाशी चिरा,
एका कडेला सुतं निघालेली, वापरून वापरून विरलेल्या गोधडीसारखी.
अजून महिनाभर धावला असता.
किंवा उद्या सकाळी महाप्याच्या पुलावर नसता.

नवा चढवला. टेन्शनर आवळला.
दोन बोटांत धरून पाव फेरा पिळता आला पाहिजे.
ताण जास्त दिला तर गुणगुणत राहतो,
कमी दिला तर दाता सोडून उडी मारतो.
मग चावी न लावता, हाताने, क्रँकचे दोन पूर्ण फेरे.
सावकाश. अडलं तर थांबायचं, जोर करायचा नाही.
अडलं नाही.
पण कॅमचा ठिपका आला तो एक दाता पुढे.

"एवढंसंच तर आहे," ओजल म्हणाली.
पडवळांनी चष्मा पुसला. "सुरू होईल. धावेलही.
चढावर ओढणार नाही, धूर काढेल,
आणि तुला वाटेल, आपल्यालाच नीट चालवता येत नाही."

अशी एक गाडी मी सात वर्षं चालवली आहे.

सगळं पुन्हा सैल केलं.
पारसिकच्या डोंगरावरून ऊन पार्किंगमध्ये पोचलं.
ओजलची आई पोहे ठेवून ओजलला घेऊन गेली.
पोहे गार झाले, माझ्या करंगळीचं नख गेलं,
आणि सव्वा अकराला तिन्ही लाल ठिपके
आपापल्या जागी येऊन उभे राहिले.
पुन्हा दोन फेरे. पुन्हा तिथेच.
पडवळांनी आणखी दोन फिरवायला लावले, विनाकारण.

चावी लावली. खाकरली, मग लागली.
पडवळांनी बॉनेटवर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.
बिल्डिंगमध्ये कुणाला काही कळलं नाही.

एक बोल्ट उरला, तो कुठला ते सापडेना.
जुना पट्टा ते घरी घेऊन गेले,
कशाला, ते मी विचारलं नाही.
संध्याकाळी खाडीपुलापर्यंत एक चक्कर मारून आले.
वळताना बारीक चिरका आवाज.
फोन केला.
"तो अल्टरनेटरचा," म्हणाले, "तो वेगळा पट्टा.
पुढच्या रविवारी बघू. त्याला खुणा लागत नाहीत."