खाजगी सूर्यास्त

कार्डं मी देवगडात छापून घेतली:
खाजगी सूर्यास्त दर्शन, प्राचीन देऊळ,
जाऊन-येऊन अठराशे, चहा-भजी धरून.
सूर्य खाजगी कसा रे, छापणाऱ्याने विचारलं.
म्हटलं, गाडी खाजगी. तू छाप.

आजचं गिऱ्हाईक एकटंच. साठीची बाई, ग्रीसची.
नाव कल्लिओपी.
कल्याणीबाई म्हटलं तर चालेल का?
तिने दोनदा जिभेवर घोळवून पाहिलं,
चालेल म्हणाली.

जामसंडं मागे पडलं की सडा लागतो.
कातळ, करवंदीच्या जाळ्या,
आंब्याच्या पेट्यांसाठी वाळत घातलेलं गवत.
आमच्याकडे असंच, ती म्हणाली,
दगड, शेळ्या, आणि वाऱ्याने एका अंगाला कललेली झाडं.
इंग्रजी दोघांचंही मोडकं, त्यामुळे छान जमलं.

तिच्या गावाजवळ कड्यावर देऊळ आहे,
समुद्राच्या देवाचं.
छप्पर नाही, देव नाही, नुसते पांढरे खांब.
लहानपणी मोजलेले तिने, अजून पाठ आहेत.
लांबलांबून लोक येतात, मावळतीचे फोटो काढतात,
आणि सूर्य बुडाला रे बुडाला
की रखवालदार शिट्टी फुंकतो: चला, बाहेर.
तीस वर्षं ती शिट्टी
तिचा नवरा फुंकायचा.

मी गियर बदलला.
मग दिवा कोण लावतो?
तिला कळलं नाही. परत विचारलं. कळलं,
पण उत्तर यायला खाली खाडी दिसावी लागली.
कोणी नाही. रात्री विजेचे झोत सोडतात खांबांवर.

खडपेश्वराला पोचलो तेव्हा सव्वासहा.
सूर्य होता, पण खाली धुरकट पट्टा,
आणि तो शिळ्या बांगड्याच्या डोळ्यासारखा फिक्कट.
पाण्याच्या चार बोटं वर असतानाच विरला.
लाल नाही, सोनेरी नाही,
मावळला असंही म्हणता येईना.
अठराशे रुपये खिशात टोचायला लागले.
मॅडम, उद्या परत आणतो, फुकट.

ती तिकडे बघतच नव्हती.
आत दाजी गुरव वातीची काजळी झाडत होता,
बुधलीतलं तेल थेंब-थेंब समईत सोडत,
मध्येच खोकत, वाघळांना शिव्या देत.
सभामंडपाच्या कट्ट्यावर बसून ती हे सगळं बघत होती,
हनुवटी तळहातावर.

मग दाजीने घंटेला हात घातला
आणि ती ताडकन उठली,
पर्स काखेत मारून, पायरीखाली उतरून
अंधारात चपला शोधू लागली.

बसा, बसा, म्हटलं.
ही आत यायची घंटा आहे.

ती तशीच उभी. एक चप्पल पायात, एक हातात.
दाजी आतून ओरडला,
"तेंका सांग, परसाद घेतल्याशिवाय जावचा नाय!"
हे मात्र मला भाषांतर करावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं,
तुमच्या देवळाला खांब किती?
एक्केचाळीस वर्षं येतोय मी,
माझ्या लग्नाचा नारळ इथेच ठेवला,
आणि आकडा तोंडात येईना.
चोवीस, ठोकून दिलं.
गाइडला माहीत नाही म्हणून चालत नाही.

सकाळी, लिलावाला माणसं जमायच्या आधी,
मोजायला गेलो.
फणसाचे खांब, तेल पिऊन काळे झालेले.
एक, दोन, तीन.
चौथ्यावर माझ्याच अक्षरात कुणाचं तरी नाव.
अकराव्याला टेकून आबा कोयंडे झोपलेले,
पहाटेची रापण ओढून तसेच आलेले,
तोंड उघडं, पोटऱ्यांना वाळू.
त्यांच्या आडोशाला एक खांब आहे की दोन, दिसेना.

उठवलं नाही.
घंटा न वाजवताच बाहेर आलो.