एकशे सहा अंश

लोक माझ्याकडे खोटं बोलायला येतात.
बोकेरांवच्या या गाळ्यात, ग्राइंडरच्या दुधाळ पाण्याच्या वासात
टोपी काढून उभे राहतात आणि म्हणतात,
सेउ एदवीनो, मोठा कॅम द्या. सगळ्यात मोठा.
मी विचारतो, गाडी कुठे जाते?
ट्रॅकवर, म्हणतात,
आणि मागच्या सीटवर तान्ह्या मुलाची खुर्ची दिसत असते.
मी विचारतो, सहा हजार फेऱ्यांच्या वर
वर्षातली किती मिनिटं असता?
मग ते छताकडे बघतात.

चाळीस वर्षं लोखंडाला अंड्याचा आकार देतोय.
एका दांड्यावर बारा अंडी, एकही उबवायचं नाही.
व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ,
एवढंच त्यांना पाठ.
मोठा कॅम म्हणजे उशिरापर्यंत उघडं राहिलेलं दार:
धूर अजून उंबऱ्यात, तोवर ताजी हवा आत घुसलेली,
दोघांची धक्काबुक्की.
वर, वेगात, त्या धक्क्याचंच बळ होतं.
खाली, सिग्नलला, इंजिन खोकतं,
व्हॅक्यूम पडतो, ब्रेकचं पेडल दगड होतं,
आणि ग्रासिओझाच्या घाटात, ओल्या फरसबंदीवर,
पायाखाली दगड नको असतो.
नाकापेक्षा मोती जड, मी सांगतो.
ते मान डोलावतात
आणि मोठाच घेऊन जातात.

जुसेलिया आली ती ओपालाचा कॅम जुन्या टॉवेलात गुंडाळून.
इंजिन सेकंडहँड, कुणा शर्यतवाल्यानं विकलेलं.
मी बोट फिरवलं. नववा लोब झिजून गोल.
नव्या कॅमवर कुणीतरी जुनेच टॅपेट बसवले होते,
दुसरीकडच्या सवयी घेऊन आलेले.
गाडी कुठे जाते?
"कुठेच नाही. शेडमध्ये असते.
रविवारी बाबांना घेऊन बेकरीपर्यंत."
मग मोठा कॅम कशाला?
"थरथरावं म्हणून. उभ्या उभ्या.
बाबांना ऐकू येत नाही. एकतीस वर्षं लोकोशेडमध्ये काढली,
कान तिथेच राहिले.
गुळगुळीत चालणारं इंजिन त्यांना बंदच वाटतं."

मी मोटर बंद केली.
आयडलच्या आवाजासाठी आलेले पुष्कळ पाहिलेत,
शेजाऱ्याची झोप मोडायला, चौकातल्या माना वळवायला.
पण हिशेब मांडता येईल असं खरं
कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

उघडण्याचा काळ बेताचाच ठेवला, दोनशे बहात्तर;
बेकरी चढावर आहे, खालून जोर हवा.
पण आत घेणारा लोब आणि बाहेर टाकणारा
यांच्यातला कोन आवळला,
एकशे दहावरून एकशे सहावर.
चारच अंश. उंबऱ्यावर दोघं
जरा जास्त वेळ भेटतील, अडखळतील,
बंद पडणार नाहीत.
ब्रेकसाठी व्हॅक्यूमची वेगळी टाकी दिली, तिचे पैसे घेतले.
बारा नवे टॅपेट, त्यांचेही घेतले.
आणि बजावलं: सुरू झालं की पहिली वीस मिनिटं
दोन हजारांच्या खाली आणू नको.
तोंडओळख नीट झाली नाही
तर जन्मभर एकमेकांना खातील.

जूनच्या थंडीत आले दोघं.
अल्कोहोलवरचं इंजिन, आधी चिडलं, शिंकलं,
मग बसलं आपल्या लंगड्या तालावर.
गाळ्यातले पाने खिळ्यांवर हलू लागले.
ओनोफ्रे म्हातारा बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा.
डोळे मिटलेले.
रडेल असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू,
मी फडकंसुद्धा शोधत होतो, त्यातल्या त्यात स्वच्छ.
बराच वेळ गेला.
मग त्यानं एक बोट उचललं,
आणि आपलाच आवाज न ऐकू येणाऱ्या माणसाच्या आवाजात,
सगळ्या गल्लीला कळेल असं म्हणाला:
"पाचव्याचा टॅपेट ढिला आहे."

इंजिन बंद केलं, झाकण काढलं,
फीलर गेजची पाती सरकवली.
होता.