पावती

शंभर रुपयांची पावती फाडली नगरपालिकेच्या पोरानं,
बस स्टँडच्या कोपऱ्यावर.
पावती कानडीत.
नातू कानडी शाळेत, तिसरीला. बोट ठेवून वाचलं त्यानं.
"आजी, यात तुझं नावच नाही. मूगु लिहिलंय.
मूगु म्हणजे नाक."

बरं झालं बाबा, नाकाची तरी नोंद झाली कुठं.
एकतीस वर्षं हे नाक निपाणीच्या वखारीत आहे.
चाळण हलली की तंबाखूचा पिवळा धुरळा उठतो,
पापणीवर बसतो, भाकरीवर बसतो,
अंगावर पिणारं लेकरू दूध तोंडात धरून शिंकतं.
नाकाला पदराचा फडका
आमचा आम्हीच बांधत आलो,
मैमून, कल्लव्वा, मी.
फडका नीट बसलाय का बघायला
तेव्हा जीप आली नाही.
आम्हीही मूग गिळून बसलो.
मूगु नव्हे. मूग.

त्या साली सगळा गाव हुशार झाला होता.
मुकादमाचा मास्क एका कानाला लोंबायचा,
जीपचा आवाज आला की दुसऱ्या कानाला.
किराणावाला अर्धं शटर ओढून म्हणायचा, वाकून आत या.
म्हणजे नियम उभ्या माणसाला.
कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट मागत,
तर कागलची माणसं उसाच्या सरीतनं यायची
चपला हातात घेऊन,
आणि विचारायची, आमच्यात बंद आहे,
तुमच्यात चालू आहे न्हवं?

कोण म्हणे काढा प्या.
कोण म्हणे सुई घेतली की दोन वर्षांत खेळ खलास.
मी कुणाचंच खरं धरलं नाही,
पण सुईला नको म्हटलं.
का, ते कुणी विचारलं नाही.
शाळेत कॅम्प होता, मी सव्वीस वर्षांची.
तेव्हा मात्र जीप आली होती.
माझ्या पोटासाठी नवऱ्यानं अंगठा दिला.
पोरं पाढे म्हणायची त्या बाकावर निजवलं,
संध्याकाळी एक बादली दिली.
बादली अजून गळत नाही.
टाका दुखतो, आभाळ भरून आलं की.

निंगव्वा आशा. गुलाबी साडी, हातात वही,
वहीत माझ्या घरापुढं फुली.
पायरीवर बसली. पाणी मागितलं, प्यायली.
तिची लसिके, आमची लस,
मधल्या एका अक्षरावरनं सीमा जाते.
मला वाटलं, आता रेशन बंद करीन म्हणेल.
म्हणाली, "अक्का, निम्म इच्छा.
तुझी मर्जी. बेस्तवारी परत येते."

मर्जी.
हा शब्द शेठच्या नावापुढं ऐकलेला,
देवाच्या, फार तर पावसाच्या.
माझ्या नावापुढं कुणी ठेवला नव्हता.
रात्रभर तो कुठं ठेवायचा ते कळेना,
पाहुण्याच्या पिशवीसारखा.

पाच बेस्तवार ती आली.
मधल्या एका बेस्तवारी
मैमूनच्या दारात कुणाची चप्पल नव्हती.
मयताला चार माणसं, पांढऱ्या पिशव्यांत शिवलेली,
त्यात तिचा लेक कोणता, ओळखू येईना.

सहाव्या बेस्तवारी
निंगव्वा यायच्या आधी मी दवाखान्यात जाऊन बसले.
मैमूनपायी, का पायरीवरल्या त्या पाण्यापायी?
नातू विचारतो.
मी म्हणते, हात दुखला दोन दिवस. एवढंच ठाऊक.

आता वखार पुन्हा भरली.
मुकादमाचे दोन्ही कान मोकळे.
"कोरोना गेला की गं म्हातारे,
काढ ते तोंडावरचं. नियम न्हाई आता."
मी चाळण हलवते. धुरळा उठतो.
पलीकडं कल्लव्वा खोकते, थांबते, परत खोकते.
कापड मी आणखी वर ओढून घेते
आणि म्हणते, मर्जी.

त्याला ऐकू गेलं नसावं.
तोंडावर कापड होतं.