चांदणी मारलेल्या नोंदी

पतसंस्थेचं कार्यालय अशोक चौकाच्या मागं, पहिल्या मजल्यावर.
खाली यंत्रमाग, त्यामुळं
टेबलावरचा चहा दिवसभर थरथरतो.
मी आलेय जुन्या फॉक्सप्रोमधलं सगळं
नव्या प्रणालीत ओतायला.
तीन दिवसांचं काम, असं कोटेशनात लिहून दिलंय.
आज अकरावा.

पहिल्या फेरीत बावीसशे चुका.
राजव्वा नरसय्या मादूर, वय उणे सतरा.
सालाचे दोनच आकडे ठेवायची जुनी काटकसर, बेचाळीस,
आणि नव्यानं परस्पर ठरवलं, दोन हजार बेचाळीस.
म्हणजे बाई अजून जन्मायचीय
आणि तिच्या नावावर अकराशे चाळीस रुपये,
विड्या वळून साठवलेले.

दुर्गव्वाचा रफार एक अक्षर पुढं घसरलाय.
'विडी'ची वेलांटी 'व'च्या आधीच येऊन
ठिपक्यांच्या गोलाला टेकून उभी,
कारखान्याची शाखा उघडायच्या आत
सूप घेऊन पोचलेल्या बाईसारखी.
खातेक्रमांकापुढची शून्यं गळाली,
शून्य शून्य सत्तेचाळीस नुसती सत्तेचाळीस झाली
आणि त्या आकड्यावर दुसरीच कुणी आधीपासून बसलेली.

हे सुटतं. नियम लिहिला की सुटतं.
सुटेना ते एवढंच:
जुन्या पडद्यावर खातेदार चार हजार एकशे नऊ,
नव्यावर चार हजार सहाशे वीस.
पाचशे अकरा बायका जास्त.
रात्रीतून कुठनं आल्या?

बुरा सरांना फोन लावला.
सव्वीस वर्षं हाच कळफलक बडवून निवृत्त झालेले,
आता विडी घरकुलात, कानानं थोडे कमी.
"ओळीच्या पुढं चांदणी बघितली का ओ?
बाई गेली की मी खोडायचो.
खोडायचं म्हणजे काय, चांदणी लागती.
पुसत नाही ते. दिसेना होतंय फक्त.
पुसायला वेगळी आज्ञा असती, पॅक म्हणून."
मग कधी पॅक केलंच नाही, सर?
तिकडं कुकरची शिट्टी झाली.
"काय घाई होती ओ," म्हणाले.
"पोरी यायच्या की कुणाकुणाच्या.
पैसे आधीच नेलेले असायचे,
तरी विचारायच्या, आईनं कधी किती टाकलं म्हणून.
मी वाचून दाखवायचो."

फोन ठेवला आणि वाचत बसले.
पाच रुपये. पाच रुपये. दोन.
मग चार महिने काहीच नाही,
मग एकदम साठ, संक्रांतीच्या आदल्या दिवशी,
गड्ड्याच्या जत्रेत न गेलेले.

चेअरमन कोडम जाता जाता डोकावले,
"ऑडिटरला आकडा जुळला पाहिजे, मॅडम. जास्तीचं काढा."
काढायला एक ओळ पुरते.
चांदणी असेल तर घेऊ नकोस, एवढीच.
लिहिली.
त्याआधी त्या पाचशे अकरा
वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवल्या, मागितलं नव्हतं कुणी.
तक्त्याला नाव सुचेना,
तात्पुरतं 'बुरा' दिलंय.

चार हजार एकशे नऊ. जुळलं.
आठ वाजले, खाली पाळी बदलत असावी,
चहा क्षणभर थांबला.
एक नोंद तेवढी राहिलीय,
नाव नाही, पत्ता नाही, शिल्लक तीन रुपये,
आणि पुढं चांदणीही नाही.
ती उद्या बघते.