वीस रुपये

सुईचे पैसे देतात, कुरकुर न करता.
सुई दिसते. बाटली दिसते, तिच्यावरचं लेबल,
रिकामी झाली तरी गोठ्याच्या खिडकीत उभी असते वर्षभर.
मी देते ते दिसत नाही.
"धार काढली की गाईला अर्धा तास बसू देऊ नका,
पुढ्यात वैरण टाका, सडांची तोंडं मिटू द्या."
एवढ्याचे वीस रुपये?
परिंच्यात पहिला महिनाभर हसले सगळे.
भिकोबा नवले म्हणाले, बोलण्याचे पैसे मिळत असते
तर आमची म्हातारी कधीच लखपती झाली असती.

फुकट सांगायचे तेव्हा
माना डोलवायचे, चहा पाजायचे,
आणि गाय बसायचीच शेणात. दगडी व्हायचीच.
पैसे घ्यायला लागले तर
हेच भिकोबा धार झाल्यावर
मनगटावरचं घड्याळ बघत गाईसमोर उभे,
वीस रुपये वसूल होईपर्यंत.
म्हटलं, बरोबर आहे आपलं.
पावतीपुस्तक जरा मिरवतच चालू लागले.

तान्हूबाई भंडलकरचं घर ओढ्यापलीकडे.
शेळ्या दोन, एक गाभण.
त्या संध्याकाळी मी तिच्या दारावरूनच गेले.
ती उंबऱ्यात उभी होती. तोंड उघडलं, मिटलं.
मी हात हलवला.
पुढे तीन गोठे होते, साठ रुपयांचे.

सकाळी कळलं.
नवल्यांच्या बांधावरचा लसूणघास, दंवात भिजलेला,
डावी कूस ढोलासारखी टम्म,
रात्रभर.
गोडेतेल फळीवर होतं. तिच्याच घरात.

गेले, तर तिनं पोतं अंथरलं.
रडली नाही.
कनवटीच्या दोन दहाच्या नोटा, चार-चार घड्यांच्या,
माझ्या तळहातावर ठेवल्या.
"आता सांग बाई. काय करायला पायजे हुतं?"

सांगितलं. सगळं सांगितलं.
ती एकेक शब्द पुन्हा म्हणून घेत होती,
"आधी कडबा. घास सुकवून. तेल कोमट, हळूहळू."
दुसरी शेळी दाव्याला, आमच्याकडे बघत
रवंथ करत होती.

नोटा परत करायला हात पुढे केला
तर तिनं हात पदरात घेतले.

पावती अजून फाडलेली नाही.
नाव लिहिलंय, तारीख लिहिलीय,
"कशाबद्दल" याच्यापुढे पेन टेकवल्याचा
एक निळा ठिपका आहे.

भिकोबा काल विचारत होते,
यंदा दर वाढवणार का म्हणून.