ठिबक

सात पस्तीसची घंटा. नववी ब.
"बाई, आधी तुम्ही करून दाखवा ना."
मी शिट्टी तोंडात धरते,
म्हणजे बोलावं लागत नाही.
एक : पाय बाहेर, हात वर.
दोन : पाय आत.
तीनला उमटतं.
थेंबभर. चौथ्याला आणखी थेंबभर.
मी वृषालीला पुढे करते, तू दाखव, तुझं छान होतं,
आणि मागे जाऊन उभी राहते
नेव्ही ब्लू ट्रॅकपँटमध्ये.
राखाडी कधीच नाही. राखाडी सगळं सांगून टाकते.
रंगांचं हे ज्ञान बी.पी.एड.ला कोणी दिलं नव्हतं.

याच चोपड्यात, याच मैदानाच्या रेतीत
मी चार मीटर ऐंशी उडी मारलेली आहे.
जिल्ह्यात पहिली.
नंतर दोन बाळंतपणं, दुसरा पावणेचार किलोचा.
पैलवान आहे, नर्स म्हणाली,
पेढे वाटले गेले.
माझं काय सैल झालं
ते पेढ्यांच्या हिशेबात नव्हतं.

मग मी पाणी तोडलं.
मे महिन्याचं शिबिर, पारा चव्वेचाळीस,
केळीची पानं कडेकडेनं करपलेली,
आणि मी सकाळपासून दोन घोटांवर.
लघवी हळदीसारखी, जळजळ,
आणि उडीला थेंब तो पडलाच.

नवऱ्याला ठिबकची नळी
चाळीस ओळींपलीकडे गळत असली तरी ऐकू येते.
बॅटरी घेऊन जातो रात्री, वॉशर बदलून येतो,
पाय धुतो, झोपतो.
माझ्या शेजारी त्याला कधी काही ऐकू आलं नाही.
मीही सांगितलं नाही, हेही खरं.

आई शिंक आली की
पाय एकमेकांवर आवळून दाराची चौकट धरायची.
आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो.
ती हसायची,
आणि हसता हसता उठून आत जायची.

तालुक्याच्या स्पर्धेत देवरेबाई,
निवृत्तीला आठ महिने, गळ्यात स्टॉपवॉच.
दोरीउड्या मोजता मोजता, माझ्याकडे न बघता :
"चहा सोडलास, पाणी सोडलंस.
आता उड्या सोडशील. मग?"
मी गप्प.
"माले बी व्हस वं माय," म्हणाल्या,
आणि मोजत राहिल्या,
एकशे बारा, एकशे तेरा.

जळगावची फिजिओथेरपीवाली
माझ्या विद्यार्थिनी शोभेल एवढी. विचारते :
खोकताना? हसताना? धावताना?
नुसता थेंब, की कपडे बदलावे लागतात?
चौदा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मी रडले नाही.
तोंडी परीक्षेसारखी उत्तरं दिली.

"चारचौघांत वारा सरायला लागला की आवरतो ना,
तसं आवळायचं, आत, वर.
श्वास चालू. मांड्या ढिल्या.
पाच मोजायचे. मग सोडायचं, पूर्ण.
सोडणंही शिकावं लागतं, मॅडम.
लघवी करताना अडवून बघायचं नाही.
आणि पाणी प्यायचं. तुम्ही खानदेशात राहता."

आता मी आवळते
एसटीत, तापीच्या पुलावर,
हजेरी घेताना, अहिरेपासून वाघपर्यंत,
कळण्याच्या पिठात मुठी रोवून.
कोणाला काही दिसत नाही.
एवढी कसरत, आणि एक टाळी नाही.
पहिला महिना काहीच नाही.
दुसऱ्यात एक शिंक कोरडी गेली.
मी परातीपाशी एकटीच,
पिठाच्या हातानं नाक पुसत,
जिल्ह्यात पहिली आल्यासारखी.

आज नववी ब.
आधी आवळते, मग उडी.
तीन गेले. सात गेले.
अकराला उमटलं.
अकरा!

रांगेच्या टोकाला हेमांगी निकुंभ
दोरी हातात घेऊन नुसती उभी.
गडद ओढणी कमरेला बांधलेली.
"बाई, पोटात दुखतंय,"
कालच्यासारखं, परवासारखं.
पाण्याची बाटली भरलेली, सील न तोडलेली.

मी शिट्टी तोंडातून काढते.